मोहन्याला नेलेली अक्षत

आमच्याकडे आमदाराला भाषण करता आलं नाही तरी लोक सांभाळून घेतात, पण तो लग्नाला आला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. मी कल्याण-डोंबिवलीकडून निवडून येत असे तेव्हा माझी गाडी मंत्रालयापेक्षा मंगल कार्यालयांच्या दारात जास्त उभी असायची. हळद, लग्न, बारसं, दहावा, टिटवाळ्याच्या नव्या इमारतीची वास्तुशांत, कुठल्या मंडळाचा सत्यनारायण. आमदाराचं काम कायदे करण्याचं, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं असतं. मतदारांनी ते पुस्तक परीक्षा झाल्यावर रद्दीत दिलेलं असतं.

त्यातून मी पडलो जुन्या वळणाचा. पक्ष जुन्या वळणाचा, घर जुन्या वळणाचं, आणि मीही. घरात पंचांग बघितल्याशिवाय नवी बादलीसुद्धा वापरायला काढायचो नाही. त्यामुळे इतर पुढारी लग्नात पाकीट देऊन, फोटो काढून पाच मिनिटांत सटकायचे, तसं मला जमत नसे. मी मुहूर्ताला हजर असायचो आणि मंगलाष्टक म्हणायचो. स्वतः रचलेलं. वधूवरांची नावं, त्यांचं गाव, आजोबांची कीर्ती, सगळं त्यात गुंफलेलं. ड्रायव्हर गाडी चालवता चालवता नावं सांगायचा आणि मी मागच्या सीटवर मात्रा जुळवत बसायचो.

एकदा कल्याणला एकाच इमारतीत खाली एक आणि वर एक अशी दोन लग्नं होती. दोन्ही आमच्याच कार्यकर्त्यांकडची. मी वरच्या नवरीचं मंगलाष्टक खालच्या मांडवात म्हणून मोकळा झालो. खालचा नवरा दचकून अंतरपाटावरून पलीकडे डोकावला, मुलगी तीच आहे ना म्हणून. मुलीची आत्या तर माझ्याकडे असं बघत होती की मला माझी अनामत रक्कम जप्त झालेली दिसायला लागली. मी डोळे मिटून दुसरं कडवं खालच्या नवरीच्या नावानं जोडून दिलं आणि शेवटी म्हटलं, “दोघींनाही आशीर्वाद.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमदारकीत प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

या माझ्या गाण्याची सगळ्यात जास्त चेष्टा जर कुणी केली असेल तर ती दिनकरनं. दिनकर कल्याणजवळच्या मोहने गावचा. कारखान्यात कामाला लागला आणि तिथंच कामगारांचा पुढारी झाला. देव मानत नाही, मुहूर्त मानत नाही, स्वतःचं लग्न युनियनच्या ऑफिसात दोन हार घालून केलेला माणूस. निवडणुकीत मी त्याला पाडायचो. एकदा त्यानं मला पाडलं आणि त्या पाच वर्षांत मला डोंबिवलीत कुणी पत्ता विचारला तरी बरं वाटायचं. सभागृहात एकदा मी तावातावानं बोललो होतो, की लग्न हा संस्कार आहे, सरकारी खिडकीवर उभं राहून करायचा व्यवहार नव्हे. दिनकर तेव्हा प्रेक्षकांच्या गॅलरीत येऊन बसला होता. बाहेर पडताना मला म्हणाला, “आमदार, भाषण बरं होतं. फक्त गायला लागू नकोस म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो. आणि मी देव मानत नाय, बघ म्हणजे.”

पण आमचा एक रिवाज होता. दर श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असे आणि त्याचं बोलावणं करायला मी स्वतः मोहन्याला जायचो, हातात कुंकवाची अक्षत घेऊन. छापील पत्रिका टपालानं पाठवली की ती दिनकरकडे गेली काय आणि रद्दीवाल्याकडे गेली काय, सारखंच. अक्षत मात्र हातात ठेवावी लागते, त्यासाठी दार उघडावं लागतं, समोरच्याला ‘बस’ म्हणावं लागतं. आमच्या वडिलांची ही रीत. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडे आधी अक्षत न्यायची. दिनकर यायचा. पूजेकडे पाठ करून गॅलरीत उभा राहायचा आणि शिरा दोनदा मागून घ्यायचा. “शिऱ्याशी माझा वैचारिक मतभेद नाय,” म्हणायचा. त्याच्या बदल्यात एक मेच्या त्याच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसून माझ्याच पक्षाला घातलेल्या शिव्या ऐकायचो. त्याची बायको वारली तेव्हा त्याच्या घरात पहिला चहा आमच्या सुमननं केला होता. त्यांची मुलगी मुक्ता तेव्हा शाळेत होती.

तर असा मी पुढे चक्क राजदूत झालो. कसा? सोपं आहे. पक्षानं तिकीट कापलं. तिकीट कापलेल्या म्हाताऱ्याला काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर तो घरी बसून मुलाखती देतो. दिल्लीहून फोन आला, एका बेटावरच्या छोट्या देशात जाल का. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही, तेवढी मुत्सद्देगिरी अंगात शिल्लक आहे. मी सुमनला सांगितलं तर ती नारळ खोवता खोवता म्हणाली, “अहो, पण तिकडे लग्नं नसतील. तुम्ही दिवसभर करणार काय?”

काय करतात ते मलाही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना आपलं अधिकारपत्र द्यायचं असतं. मी बंद गळ्याचा कोट आणि खाली धोतर नेसून गेलो. समुद्रावरचा वारा हा प्रकार मी हिशेबात धरला नव्हता. एका हातात भारत सरकारचं पत्र आणि दुसऱ्या हातात धोतराचा सोगा धरून मी मानवंदना स्वीकारली. राष्ट्राध्यक्षांनी नंतर विचारलं, हा तुमच्याकडचा सलामीचा प्रकार आहे का. मी होय म्हणालो.

वकिलातीत माझ्या हाताखाली नंदिताबाई होत्या. परराष्ट्र सेवेतल्या, तरतरीत, मूळच्या नागपूरच्या. त्यांना सगळे नियम पाठ आणि मला एकही नाही. मी आल्या आल्या सकाळी दार उघडं ठेवून बसायला लागलो, जसा डोंबिवलीच्या घरी बसायचो. ज्याला यायचं त्यानं यावं. बाई म्हणाल्या, “सर, इथे अपॉइंटमेंट घेऊन भेटतात.” मी म्हटलं, “बाई, अपॉइंटमेंट घेऊन येतो त्याला काम नसतं.” तिथं आपली माणसं फार नव्हती, पण येत गेली. कोपरीचा एक जहाजावरचा आचारी पासपोर्ट हरवला म्हणून आला आणि पासपोर्ट मिळेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात सुमनला मासे कसे करायचे ते शिकवत राहिला. आमच्या घरात मासे होत नाहीत. सुमननं ते वांग्याचे करून बघितले.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की हा धंदा ओळखीचाच आहे. दोन देश म्हणजे दोन व्याही. कुणाला कार्यक्रमात मागे बसवलं, कुणाच्या पत्राला उत्तर उशिरा गेलं, की रुसवा. एकदा तिथले मत्स्यखात्याचे मंत्री आमच्यावर फुगून बसले, कारण त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धासारखा काही विधी होता आणि आपल्याकडून कुणी गेलं नव्हतं. नंदिताबाईंनी खेद व्यक्त करणारं सुंदर पत्र तयार केलं. मी ते बाजूला ठेवलं, सुमननं केलेले बेसनाचे लाडू घेतले आणि त्यांच्या घरी जाऊन तासभर त्यांच्या आईबद्दल ऐकलं. अडलेला करार पुढच्या आठवड्यात सुटला. बाईंनी दिल्लीला पाठवायच्या अहवालात लाडवांना काय म्हणायचं यावर बराच वेळ घालवला.

अशा उघड्या दारातून एके सकाळी मुक्ता आत आली.

ती त्या बेटावर प्रवाळांवर संशोधन करत होती हे मला माहीत होतं. सणाला आमच्याकडे जेवायला यायची. त्या दिवशी तिच्याबरोबर एक उंच, सावळा, लाजरा तरुण होता. एमिल. पर्यटकांना होडीतून फिरवायचा धंदा. मुक्ता खुर्चीवर बसायच्या आधीच बोलली, “काका, मला लग्न करायचंय. ह्याच्याशी. इथेच, तुमच्या एम्बसीत.”

परदेशातल्या आपल्या वकिलातीत नोंदणी लग्न लावता येतं. अर्ज द्यायचा, महिनाभर नोटीस फलकावर राहते, कुणाची हरकत नसेल तर विवाह अधिकाऱ्यासमोर साक्षीदारांच्या सह्या. आमच्या छोट्या वकिलातीत तो विवाह अधिकारी कोण, असं मी नंदिताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “आपणच, सर.” मला सभागृहातलं माझं भाषण आठवलं. सरकारी खिडकी ती, आणि खिडकीच्या आत मी.

“बाबांना सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगितलं. तेव्हापासून फोन उचलत नाहीयेत.” मग इतका वेळ धरून ठेवलेला तिचा आवाज फुटला. “काका, ते नाही आले ना, तर मी नाही करणार. आई नाही, निदान ते तरी हवेत. आणि प्लीज, मंत्रबिंत्र काही नको. ते सगळं असेल तर ते पायच ठेवणार नाहीत.”

मी तिला शब्द दिला. संस्कृतचं एक अक्षर नाही.

त्याच दुपारी दिनकरचा मलाच फोन आला. “काय रे राजदूत, हे लग्न तू लावणार ऐकलं.”

“कायद्यानं लावावं लागेल.”

“तू सनातनी ना? परधर्म, परदेश, ना पत्रिका ना मुहूर्त. तुझ्या तत्त्वात बसतं का हे? मग अडव की!”

आयुष्यभर ज्यानं तरुण पोरापोरींची लग्नं त्यांच्या आईबापांविरुद्ध उभं राहून लावली, तो माझ्या सनातनीपणाच्या पदराआड लपत होता. “दिनकर, तू तुझं तत्त्व सांग. माझं मी बघतो.”

“माझं तत्त्व? पोरगा होड्यांचा मालक आहे. मालकवर्ग!”

“अरे, दोन होड्या आहेत. त्यातली एक गळते.”

“मालक तो मालक. मी लेखी हरकत पाठवणारै.” आणि त्यानं फोन ठेवला.

नोटीस फलकावर लागली. नंदिताबाई रोज दिल्लीची टपाल थैली उघडताना माझ्याकडे बघायच्या. हरकत काही आली नाही, पण दिनकरही बोलेना. मुक्तानं कपडे बघणं थांबवलं. एमिल बिचारा रोज संध्याकाळी येऊन मराठीत ‘बाबा, तुम्ही या’ हे वाक्य सुमनकडून घोटून घेत होता आणि ते ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं. मला आमदारकीत लोकांनी रस्ता मागितला, पाणी मागितलं, बदली मागितली. त्यातलं अर्धंअधिक दिलंही असेल. या पोरीनं फक्त तिचा बाप मागितला होता. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवटी सुमन म्हणाली, “तुम्ही मंत्र्याकडे लाडू घेऊन गेलात. मग दिनकरभावजींनी काय घोडं मारलंय?”

मी रजा घेतली. दोघं डोंबिवलीला आलो. सुमननं तांदळाला कुंकू लावलं, चांदीची कुयरी काढली, आणि आम्ही रिक्षा करून मोहन्याला गेलो. आमदार असतानाही मी तिथं कधी इतका धडधडत गेलो नव्हतो, आणि तेव्हा मतं मागायला जायचो.

दिनकरनं दार उघडलं. लुंगी, बनियन, चार दिवसांची दाढी. माझ्या हातातली अक्षत बघून म्हणाला, “श्रावण नाय आत्ता.”

“लग्नाचं बोलावणं आहे. मुक्ताच्या. सहकुटुंब सहपरिवार यायचं.”

“डोकं फिरलंय का तुझं?” तो ओरडलाच. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. “मुलीच्या लग्नाचं बापाला बोलावणं करतोस? बाप आहे मी तिचा!”

“बाप असतास तर तू आला असतास मला बोलवायला.”

हे मी ठरवून बोललो नव्हतो. तोंडून गेलं. सुमननं माझा सदरा मागून ओढला. दिनकर वळून आत गेला आणि पलंगावर बसला. आम्हीही आत जाऊन बसलो. भिंतीवर मुक्ताचे लहानपणापासूनचे फोटो होते, मोर्चात बापाच्या खांद्यावर बसलेला सुद्धा.

“मालकबिलक काय नाय रे,” तो त्या फोटोंकडे बघत म्हणाला. “पोरगा चांगला असेल. मुक्तानं निवडलाय म्हणजे असेलच. पण ती आता परत यायची नाय. शिकायला गेलेली, तेव्हा वाटायचं येईल. तिच्या आईच्या मागं मी तिच्यासाठीच घर आवरून ठेवायचो. आता कुणासाठी आवरू?”

माझे डोळे भरून आले. सुमन उठली, आणि तिनं त्या घरात पुन्हा एकदा चहा केला.

निघताना मी अक्षत पुढे केली. त्यानं ती घेतली, इकडे तिकडे बघितलं आणि खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात टाकली. “येतो असं म्हटलेलं नाय मी,” एवढंच म्हणाला.

लग्नाचा दिवस मी ठरवला. कार्यालयीन सोयीनं. नंदिताबाईंनी तारीख बघितली, वेळ बघितली आणि विचारलं, “सर, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं ही कसली कार्यालयीन सोय?” मी म्हटलं, “बाई, सात मिनिटं पाहुण्यांना बसायला.” पंचांगाचं त्यांना सांगितलं नाही. मुक्ताला दिलेला शब्द मंत्रांपुरता होता.

आदल्या दिवशी विमानतळावर दिनकर उतरला. खांद्याला शबनम, हातात चिवड्याचा डबा. मुक्ता धावत पुढे गेली आणि मध्येच थबकली. एमिलनं घोटलेलं वाक्य म्हटलं, “बाबा, तुम्ही या.” आलेल्या माणसाला. दिनकरनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं, मुक्ताला “जेवलीस का?” असं विचारलं, आणि गाडीत बसला. त्यापुढे दिवसभर एक शब्द नाही. मुक्ता रात्री सुमनला म्हणाली, “काकू, आलेत, पण आलेत का?”

वकिलातीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. एमिलच्या घरची मंडळी रंगीबेरंगी कपड्यांत, आमच्याकडून आम्ही चारजण आणि कोपरीचा तो आचारी, जो आपल्या जहाजाची वेळ साधून मुद्दाम आला होता. दिनकर सगळ्यात मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी. मुक्ता मोरपंखी साडीत उभी होती आणि तिचं लक्ष एमिलकडे नव्हतं, त्या खुर्चीकडे होतं.

मी राजमुद्रेखाली उभा राहून मजकूर वाचला. दोघांनी आपापली वचनं म्हटली. आता सह्याच काय त्या राहिल्या. हरकतीची मुदत केव्हाच संपलेली होती, विचारायचं काही कारण नव्हतं. पण इतकी वर्षं सभागृहात काढलेल्या माणसाची जीभ, मी सवयीनं म्हणून गेलो, “कुणाची काही हरकत?”

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दिनकर उभा होता, एक हात वर.

“अध्यक्ष महाराज,” तो म्हणाला, “हरकतीचा मुद्दा.”

नंदिताबाईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. मुक्ताचा चेहरा पांढरा झाला. पण मी विवाह अधिकारी होतो. म्हटलं, “सन्माननीय सदस्यांनी मुद्दा मांडावा.”

दिनकर खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आला. मुक्तासमोर उभा राहिला, शर्टाच्या खिशात हात घातला आणि मूठ उघडली. मोहन्याला नेलेली तीच अक्षत.

“मी अक्षता आणल्यात,” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “मुलीचा बाप आहे मी. रिकाम्या हातानं कसा येईन? पण टाकायच्या कशावर? कल्याणात कुणाच्याही मांडवात घुसून गायचास. माझ्या पोरीच्या लग्नात गप्प उभा आहेस, हे आम्ही खपवून घेणार नाय.”

“बाबा!” मुक्ता त्याच्या गळ्यात पडली. तो तिच्या पाठीवर थोपटत होता आणि मुठीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून दुसरा हात उंच धरून होता.

“दिनकर, मी शब्द दिलाय,” मी म्हटलं. “संस्कृत एक अक्षर नाही.”

“मग मराठीत म्हण ना. तू तरी कुठं संस्कृत म्हणायचास, सगळं तुझंच तर असायचं.”

सुमननं टेबलावरचं पांढरं कापड ओढलं. एक टोक आचाऱ्यानं धरलं, दुसरं नंदिताबाईंनी, कुठल्याही नियमाचा विचार न करता. एमिलला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तो अंतरपाटामागे निमूट उभा राहिला. दिनकरनं अक्षता वाटल्या, एमिलच्या आईच्या हातावर सुद्धा. मी डोळे मिटले. रचायला मागची सीट नव्हती, नावं सांगायला ड्रायव्हर नव्हता. तरी आलं.

“कन्या मोहनची अशी दुरवरी बेटावरी पोचली...” मात्रा जुळवायला मोहन्याचं मोहन करावं लागलं.

पहिलं कडवं संपलं, अक्षता पडल्या. सावधान म्हणताना माझा आवाज चिरकला. डोळे उघडले तर दिनकर पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत बसला होता आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसत होता.

“किती वर्षं सांगतोय,” तो म्हणाला, “बेसूर गातोस. दुसरं घे.”